हरभरा, किरकोळ रजा आणि काळं पाणी : एका अंदमान सहलीचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, आधारची दुरुस्ती, रेल्वेची तिकिटं ही रोजची कामं. सहल आखून देणं हा काही माझा धंदा नाही. पण ज्याच्याकडे तिकीट काढतात त्यालाच लोक सगळं विचारतात, तसा मी या प्रकरणात ओढला गेलो. यात एक चूक माझीही आहे, तीही लिहिली आहे. घरच्यांना विचारूनच लिहितोय, पण नावं आणि गाव गाळलं आहे.

पार्श्वभूमी

एकत्र घर, सात माणसं. आजी बहात्तर वर्षांच्या, माळकरी, दोन्ही गुडघे दुखरे, रक्तदाबाची गोळी चालू. मोठे भाऊ शेती पाहतात : कापूस, तूर, थोडा हरभरा, विहिरीचं ओलीत. त्यांच्या घरच्यांना सगळे वहिनी म्हणतात. धाकटे भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांची बायको उपकेंद्रात नर्स, म्हणून गावभर सिस्टर. दोन लेकरं : मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. सातांपैकी समुद्र पाहिलेले दोघंच, मास्तर आणि सिस्टर, तोही मुंबईला एका लग्नाच्या निमित्तानं, पाऊण तास.

विषय निघाला सिस्टरांच्या भिशीतून. दिवाळीच्या आधी भिशी लागली आणि पोराच्या डोक्यात मोबाईलवरचं निळं पाणी होतं. त्याला मालदीव पाहिजे होतं. मास्तर म्हणाले लक्षद्वीप. आजीनं एकदाच तोंड उघडलं, "मले ते काळं पाणी पाह्याचं हाये. बाकी तुमाले जे पाह्याचं ते पाहा."

आजीच्या लहानपणी भांडणात बायका एकमेकींना "काळ्या पाण्यावर जाशील" अशी शिवी द्यायच्या. ते ठिकाण खरंच कुठं तरी आहे आणि तिथं तिकीट काढून जाता येतं, हे त्यांना नातीच्या पुस्तकातून कळलं होतं.

माझ्याकडे मास्तर आले ते हातात छापील कागद घेऊन. शहरातल्या एका टूरवाल्याचं पॅकेज : पाच रात्री, सहा दिवस, डिसेंबरचा दुसरा आठवडा. सेल्युलर जेल, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, हॅवलॉक, नील. शेवटच्या दिवशी सकाळी नीलवरून बोट आणि दुपारी विमान. "फक्त विमानाचं तिकीट तेवढं तुम्ही काढून द्या," एवढंच काम होतं.

अडचण

कागद मी दोनदा वाचला. दर ठीकच होता. भीती वाटली ती शेवटच्या दिवसाची. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक आणि नील ही बेटं, हा प्रवास समुद्रातला आहे, खाजगी वेगवान बोटीनं साधारण दीड-दोन तासांचा. समुद्र खवळला की बंदरातून बोट सोडतच नाहीत आणि त्यावर कोणाची ओळख चालत नाही. डिसेंबर 2016 मध्ये बंगालच्या उपसागरात वादळी हवामान झालं तेव्हा हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते. त्यांना काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते हसले. पण सिस्टर हसल्या नाहीत.

दुसरी अडचण तारखेची. मोठ्या भावांना कागद दाखवलाच नव्हता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कापसाचा दुसरा वेचा असतो, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर किलोमागे भाव वाढवून मागतात. घरधनी तेव्हा अंदमानात असला तर अर्धा कापूस बोंडातच लोंबकळेल. ते एवढंच म्हणाले, "तुमी जा. मी वावर पाहतो." या वाक्याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो.

तिसरी, आजीचे गुडघे. त्या कागदावर सातही माणसं चौथीतल्या पोराच्या तब्येतीची आहेत असं धरलं होतं.

तारीख कशी ठरली

सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि तो गेला ते बरं झालं. मास्तर, सिस्टर, मोठे भाऊ आणि मी असे चौघं केंद्रात शटर अर्धं ओढून बसलो. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर तीन ओळी आखल्या : शेत, शाळा, समुद्र.

समुद्राची ओळ सोपी. नैर्ऋत्य मोसमी वारे देशात सर्वांत आधी अंदमानातच पोहोचतात, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. पुढं 2025 मध्ये तर 13 मेलाच पोहोचले. तिथून सप्टेंबरपर्यंत पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उपसागरातली वादळं, त्यांची शेपटी डिसेंबरपर्यंत लांबते. जानेवारी ते मार्च समुद्र त्यातल्या त्यात शांत.

शाळेची ओळ नेमकी उलटी. मास्तरांना सुट्टी दिवाळीत आणि मेमध्ये. दिवाळीत कापूस आणि वादळ दोन्ही. मेमध्ये वावर मोकळं, शाळा बंद, आणि आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत माणूस भाजत असताना समुद्राकाठी बसायला कोणाला नको? मोठ्या भावांचा कौल मे महिन्याला होता. मीही क्षणभर हललो. पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस कधी लवकर येईल आणि उपसागरात कधी काय तयार होईल याचा भरवसा नाही. त्यात लग्नसराई, या घरात मेमध्ये दोन लग्नं ठरलेलीच होती.

उरला फेब्रुवारी. तूर घरात आलेली, कापसाचे मोठे वेचे उरकलेले, हरभरा घाटे भरून वाळायला लागलेला पण सोंगायला महिनाअखेर. म्हणजे पंधरा-सोळा दिवसांची फट. मुलगी आठवीत, म्हणजे बोर्डाची कटकट नाही. राहिला प्रश्न मास्तरांच्या रजेचा. मोजलं तर 15 फेब्रुवारीला, शनिवारी, सकाळची शाळा करून निघून 25 ला परत यायचं, मध्ये 19 ला शिवजयंती, आणि 26 ला महाशिवरात्र. सात किरकोळ रजा लागत होत्या. मास्तरांनी त्या मोजून मोठा सुस्कारा टाकला, पण हो म्हणाले. ओलिताची रात्रीची लाइन पाहायला सालदार राहणार होता.

पर्याय

मालदीवचा निकाल पाच मिनिटांत लागला : सातात पासपोर्ट एकाचाच. लक्षद्वीपला भारतीय माणसालाही आधी प्रवेश परवाना काढावा लागतो, बहुतेकांना कोचीपर्यंत जावं लागतं, तिथून जहाज किंवा अगत्तीचं विमान, आणि राहायची सोय मोजकीच. सात जणांचं एका वेळी जमणं अवघड दिसलं. शिवाय आजीचं काळं पाणी तिथं नव्हतं. अंदमानात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील इथं जायला भारतीयांना परवाना लागत नाही.

जायचं कसं, यावर मात्र खरी चर्चा झाली. नागपुराहून कोलकाता किंवा चेन्नई गाठून पुढं विमान, असं सगळंच विमानानं केलं तर वेळ वाचतो, पण सात जणांचा आकडा ऐकून मोठे भाऊ उठून चहा सांगायला गेले. चेन्नईहून जहाजही जातं, साधारण तीन दिवस लागतात आणि महिन्यातून मोजक्याच फेऱ्या. भाड्यामुळं त्यांना ते आवडलं होतं. सिस्टरांनी एका वाक्यात मोडीत काढलं, "तीन दिवस आईले उलट्या झाल्या तं सलाइन लावाले मीच बसू का?"

मग मधला मार्ग : सेवाग्रामहून जी.टी. एक्स्प्रेसनं चेन्नई, तिथं एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी विमान. रेल्वे आणि विमान ही दोन वेगळी तिकिटं. गाडी सहा तास उशिरा आली तर विमान कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. म्हणून जाताना चेन्नईची रात्र मी हट्टानं ठेवली.

येताना ठेवली नाही. विमान चेन्नईला अडीचला पोहोचणार होतं, गाडी सातला दहा कमी असताना. मध्ये चार तासांहून जास्त वेळ. मी म्हणून पाहिलं की एक रात्र घ्या. मोठे भाऊ म्हणाले, "हरभरा वाळून रायला, बाप्पा. एक दिवस आणखी कायले?" मी गप्प बसलो. इथंच मी बोलायला पाहिजे होतं.

ठिकाणांची कापाकापी

प्रत्येकाला एकच ठिकाण विचारलं. दोन सांगायची मुभा नाही. आजी : जेल. पोरगा : निळं पाणी. वहिनी : "जिथं सैपाक कराव लागत नाई थे." मोठे भाऊ : जहाज. सिस्टर : एक दिवस काहीच न करता बसणं. मुलीनं बाराटांग मागितलं, कारण भूगोलाच्या बाईंनी चिखलाच्या ज्वालामुखीचं सांगितलं होतं. मास्तरांना सगळंच.

यातून नील गेलं. दोन बेटं करायची म्हणजे सामान आणि आजी यांना आणखी एकदा बोटीत चढवायचं आणि उतरवायचं, आणि समुद्रकिनारा हॅवलॉकलाही तोच. मास्तर दोन दिवस नाराज होते.

बाराटांग गेलं तेव्हा मुलगी रडली. त्यासाठी रात्री तीनच्या सुमाराला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर रांगेत उभं राहावं लागतं. तिथून गाड्यांचा ताफा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. पुढं वाहनांची बोट, मग लहान होडी, मग चालणं. आजी आणि वहिनींना हॉटेलात ठेवून बाकीच्यांनी जावं, हाही विचार झाला. पण त्यात एक अख्खा दिवस जात होता, आणि पोर्ट ब्लेअरचा मोकळा अख्खा दिवस आमच्याकडे एकच होता, तोच आजीच्या जेलचा. त्या रस्त्यावर थांबायला, फोटो काढायला कायद्यानं बंदी आहे, तरीही खिडकीला नाक लावून 'ते दिसतात का' म्हणून लोक जातात. मला स्वतःला ते पटत नाही. तेवढं मात्र मी बोललो.

ठरलेला क्रम असा. सोमवारी 17 ला पोर्ट ब्लेअरला उतरणं आणि आराम. मंगळवार जेलचा. बुधवारी हॅवलॉक, तिथं तीन रात्री. शनिवारी बोटीनं परत. रविवार पोर्ट ब्लेअरला मोकळा, सोमवारी विमान. हा मोकळा रविवार म्हणजे बोट रद्द झाली तर विमान चुकू नये यासाठीचा विमा. मास्तर त्याला 'वाया दिवस' म्हणायचे.

तिकिटं आणि कागद

रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून एकशेवीस ऐवजी साठच दिवस आधी सुटतं. ही तारीख चुकली की सात जणांना एका डब्यात जागा मिळत नाही. त्या सकाळी आठला मी दोन संगणक लावून बसलो होतो. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे हे आजीला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग म्हातारं कायले व्हाव माणसानं?"

आजीच्या आधारवर नावापुढं 'बाई' आहे, मतदार कार्डावर नाही, आणि आडनावाचं स्पेलिंग दोन्हीकडं वेगळं. विमानाचं तिकीट ज्या ओळखपत्रावर काढायचं तेच सोबत न्यायचं, अक्षर न अक्षर तेच. आधार धरलं आणि मतदार कार्ड घरी ठेवायला सांगितलं, म्हणजे विमानतळावर घाईत चुकीचं निघायला नको. तिकीट काढतानाच आजीसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवली. त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत.

आणखी एक गोंधळ झाला नावांचा. सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम् झालं. हॅवलॉक 2018 पासून स्वराज द्वीप आहे, नील शहीद द्वीप. तिकिटावर एक, बोटीच्या पावतीवर दुसरं, हॉटेलच्या कागदावर तिसरं. रात्री साडेनऊला मास्तरांचा फोन, "तुमी तिकीट दुसऱ्याच गावाचं काढलं का हो?" शेवटी एका कागदावर जुनी-नवी नावं समोरासमोर लिहून सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवली.

सामानात वहिनींनी दोन किलो चिवडा, तिळाची चटणी, ठेचा आणि दशम्या घेतल्या. तिथं मासळीचा वास येईल म्हणून आजीला खाववणार नाही, ही चिंता. सिस्टरांनी बोट लागू नये म्हणून गोळ्या डॉक्टरांना विचारून घेतल्या, रक्तदाबाच्या गोळीसोबत चालतात ना हे विचारून. वीस हजार रोख तिघांत वाटून, कारण बेटावर मोबाईलचं नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत. हॅवलॉकला दोनदा तसंच झालं.

प्रत्यक्षात

चेन्नईच्या मुक्कामात संध्याकाळी मरिना बीचवर गेले. पहिला समुद्र हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पाहायचा, असं पोरानं ठरवलं होतं, ते तिथंच मोडलं. मोठे भाऊ बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे होते आणि मग मास्तरांना म्हणाले, "एवढं पाणी, अन् एका वाफ्याले कामाचं नाई." विमानात ते कोणाशीच बोलले नाहीत.

मंगळवारी जेल. 1896 ते 1906 या दहा वर्षांत बांधलेली ही इमारत, मूळ सात बाजूंची, आता तीनच उभ्या. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला. जिना चढायचा. मास्तरांनी आजीला खालीच बसवायचं ठरवलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. प्रत्येक वळणावर पायरीवर बसत, लुगडं सावरत त्या वर गेल्या. साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद खोली, उंच भिंतीत एक झरोका. 1911 ते 1921 अशी दहा वर्षं सावरकर अंदमानात होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात. हे नातीनं वाचून दाखवलं.

पण आजी जास्त थांबल्या त्या खाली, कोलूपाशी. कैद्यांना रोज तीस पौंड खोबरेल काढावं लागायचं. आजीच्या माहेरी तेलाची घाणी होती. त्यांनी लाकडाच्या दांडीवर हात ठेवला, कुठं जुंपायचं ते पाहिलं आणि विचारलं, "इथं बैल कुठी बांधत?" नातीनं सांगितलं, बैल नव्हते, माणसं होती. आजी काही बोलल्या नाहीत. तेवढ्यात मास्तरांना पुढच्या ठिकाणाची घाई झाली, कारण संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाआधी कॉर्बिन्स कोव्हचा किनारा उरकायचा होता.

घाईचं कारण खरं होतं, पण मोजणी चुकलेली. वर्धा रेखांशानं साडेअठ्ठ्याहत्तर अंशांवर, पोर्ट ब्लेअर पावणेत्र्याण्णववर. चौदा अंशांचा फरक म्हणजे सूर्य जवळजवळ एक तास आधी. घड्याळ मात्र देशभर एकच. फेब्रुवारीत आपल्याकडे सव्वासहाला सूर्य बुडतो, तिथं साडेपाचच्या आत. किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत अंधार. दुसऱ्या दिवशी हॅवलॉकला राधानगरवर पुन्हा तेच झालं : बोटीतून उतरून, जेवून, झोप काढून साडेपाचला गेले. ज्या किनाऱ्याला 2004 मध्ये 'टाइम' मासिकानं आशियातला सर्वोत्तम म्हटलं, तो यांनी पहिल्यांदा मोबाईलच्या टॉर्चमध्ये पाहिला. तिसऱ्या दिवसापासून सिस्टरांनी सगळी वेळापत्रकं एक तास अलीकडे ओढली : पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर, अकराला खोलीत, तीनला पुन्हा बाहेर. मग सगळं जमलं.

बोट लागली ती मास्तरांनाच. आजी खिडकीशी बसून चिवडा खात होत्या.

शनिवारची बोट वेळेवर सुटली. विमा वापरावा लागला नाही, म्हणून रविवारी रॉस आणि नॉर्थ बे केलं. रॉसवर वयस्कांसाठी बॅटरीच्या गाड्या आहेत, आजी त्यात बसून पडक्या चर्चपर्यंत गेल्या, हरणांना पाहून आल्या. नॉर्थ बेला काचेच्या तळाच्या नावेतून पोवळी आणि मासे. तिथला दीपस्तंभ जुन्या लालसर वीस रुपयांच्या नोटेमागच्या चित्रात आहे. मोठ्या भावांच्या पाकिटात तशी एक नोट निघाली, ती समोर धरून त्यांनी माडाची झाडं ताडून पाहिली. या सहलीत त्यांचा काढलेला एकमेव हसरा फोटो तो.

सोमवारी विमानतळावर सामान तपासणीत आजीची कापडी पिशवी बाजूला काढली. आत रुमालात बांधलेला पांढरा पोवळ्याचा तुकडा. पोवळी, जिवंत असोत की मेलेली, बेटाबाहेर नेता येत नाहीत. आजीनं तो देवघरात ठेवायला म्हणून किनाऱ्यावरून उचलला होता, घरच्या कोणालाच माहीत नव्हतं. तपासणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं, तुकडा काढून घेतला, विषय संपला. हे मी आधी सांगायला हवं होतं. माझ्या यादीत चार्जर होता, छत्री होती, हे नव्हतं.

चुकलेली गाडी

त्यानंतर विमान तीन तास वीस मिनिटं उशिरा सुटलं. चेन्नईला चाक टेकलं तेव्हा सहाला दहा कमी. सामान पट्ट्यावरून यायला अर्धा तास. विमानतळावरून सेंट्रलला मेट्रो थेट जाते, म्हणून टॅक्सीऐवजी मेट्रो धरली, तो निर्णय बरोबर होता. तरी फलाटावर पोहोचले तेव्हा गाडी सुटून पंधरा मिनिटं झाली होती. सात तिकिटांचा एक रुपयाही परत मिळत नाही, कारण गाडी वेळेवर होती आणि प्रवासी उशिरा.

मला फोन आला तेव्हा मी दुकान बंद करत होतो. पर्याय तीन होते. सगळ्यांनी थांबायचं आणि मंगळवारी सकाळी तत्काळ काढायचं, पण ते बुधवारच्या गाडीचं निघतं, म्हणजे गुरुवारी घर. सगळ्यांनी विमानानं नागपूर. किंवा रात्री दहाच्या सुमाराची तमिळनाडू एक्स्प्रेस जनरलच्या डब्यातून, आजीसह. मास्तर तिसऱ्याकडे झुकले होते, पैसे वाचतील म्हणून. सिस्टर स्टेशनवरच्या बाकावर आजीचे पाय दाबत बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "तुमी दोघं भाऊ जनरलनं जा. आई, वहिनी, लेकरं अन् मी इथं राहतो, उद्याच्या विमानानं येतो. आमचं आमी पाहतो." पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग मोठ्या भावांनी खिशातले रोख पैसे काढून त्यांच्या हातात दिले.

मी इथून पाच तिकिटं काढली, सत्तावीस हजार पाचशे. दोघे भाऊ दाराशी बसून, अर्धा वेळ उभे राहून मंगळवारी दुपारी नागपूरला उतरले आणि विमानतळावर बायकांना घ्यायला गेले. बुधवारी महाशिवरात्रीची सुट्टी होती म्हणून मास्तरांची आठवी रजा वाचली. नशीब, आखणी नव्हे.

हिशेब

घरानं ठरवलेली मर्यादा अडीच लाख. ठरल्याप्रमाणे गेलं असतं तर खर्च दोन लाख तीस हजारांच्या आसपास झाला असता : विमान ऐंशी हजार, रेल्वे एकवीस, बोटी एकवीस, खोल्या चव्वेचाळीस, बाकी गाड्या, जेवण आणि फिरणं. चेन्नईतल्या त्या एका संध्याकाळनं तो दोन लाख पासष्टपर्यंत नेला. जी रात्र वाचवली तिचं भाडं साडेपाच हजार होतं.

पुन्हा करायचं झालं तर

मी बोटीच्या भीतीनं पोर्ट ब्लेअरला एक दिवस राखला, 2016 ची गोष्ट डोक्यात ठेवून. ती भीती खोटी नव्हती. पण वेगळ्या तिकिटांचा सांधा येताना चेन्नईलाही तितकाच कच्चा होता, आणि तिथं मी भावांच्या हरभऱ्यापुढं मान डोलावली. आज मी रविवारचंच विमान घेतलं असतं आणि राखीव रात्र चेन्नईला ठेवली असती. फेब्रुवारीत बोट रद्द व्हायची शक्यता कमी, विमान उशिरा यायची रोजची. खर्च तेवढाच, रजाही तेवढ्याच. मास्तरांना हे पटत नाही. ते म्हणतात बोट अडकली असती तर तुम्हीच उलटं लिहिलं असतं. त्यांचंही खरं आहे. शनिवारी बोट गेली नसती तर रविवारचं विमान चुकलंच असतं. दोन्ही बाजू झाकायच्या तर हॅवलॉकची एक रात्र कापावी लागते, आणि त्याला सिस्टर तयार नाहीत.

सूर्यास्ताची वेळ मी कागदावर लिहून द्यायला हवी होती. मोबाईलवर एका सेकंदात दिसते, मी पाहिली नाही.

नील आणि बाराटांग कापल्याचं आता कोणालाच वाईट वाटत नाही, मुलगी सोडून. तिचं म्हणणं मी नोंदवून ठेवलं आहे : आजी-वहिनींना रविवारी पोर्ट ब्लेअरला ठेवून बाकीच्यांना बाराटांगला जाता आलं असतं. ते बरोबर आहे, रविवारी रस्ता चालू असतो. पण रविवार आम्ही विमा म्हणून बाजूला काढला होता आणि तो मोकळा मिळाला तर काय करायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं.

आजी परवा हयातीच्या दाखल्याच्या कामाला केंद्रात आल्या होत्या. अंगठा उमटेना म्हणून बराच वेळ बसल्या. मी विचारलं, सहलीत काय कमी करायला पाहिजे होतं? त्यांनी बोट पुसलं, पुन्हा मशिनवर ठेवलं.

"ते मासे नसते पाह्यले तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "त्या घाणीपाशी मले बसू द्याव लागत होतं. मास्तरनं लवकर उठवलं."